पेटी उघडा, फोन उघडा : सीमेवरची झडती आणि खासगीपणाचा हक्क



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली होती. ती आज वाचून दाखवतो. "आम्ही उभयता अमेरिकेत मुलाकडे निघालो आहोत. विमानतळावर फोन उघडून दाखवावा लागतो असं ऐकलं. वॉरंट नाही, काही नाही, हा अधिकार त्यांना दिला कुणी? आणि आपल्याला काही हक्क आहे की नाही?" चिठ्ठी चार ओळींची आहे, पण त्यात प्रश्न दोन आहेत. अधिकार कुणी दिला हा कायद्याच्या इतिहासाचा प्रश्न. हक्क आहे का, हा आमच्या विषयाचा. आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. पण हा प्रश्न असा आहे की कायदा समजून घेतल्याशिवाय तत्त्वज्ञानाला त्यात पाऊल टाकता येत नाही, आणि नुसता कायदा वाचून तो सुटतही नाही.

सुरुवातीला स्वतःची एक गोष्ट सांगू. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विमानतळावर आम्हाला बाजूला घेतले गेले. देश कोणता, विमानतळ कोणता, ते महत्त्वाचे नाही. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य होता. त्याने फोन मागितला, मग पिन विचारला. आणि आम्ही, ज्यांनी तीसेक वर्षे वर्गात मिल आणि कांट शिकवला, व्यक्तिस्वातंत्र्यावर तासच्या तास बोललो, त्या आम्ही अर्ध्या मिनिटात पिन सांगितला. मागे रांग होती, पाय दुखत होते, पुढचे विमान गाठायचे होते. तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला, पंधरा-वीस मिनिटांनी परत आला, फोन हातात दिला आणि प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या. आमचे काहीच गेले नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना मात्र एकदम आठवले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोनच आठवड्यांपूर्वी आम्हाला भला मोठा मजकूर लिहिला होता. स्वतःच्या आजाराबद्दल. घरी अजून कुणाला सांगितले नव्हते त्याने. सोबत वैद्यकीय अहवालाचा फोटोही जोडला होता.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ते मराठीत आहे, त्याला काय कळणार?" त्यांचे म्हणणे खरे होते. पण अहवाल इंग्रजीत होता.

ही गोष्ट इथे ठेवू या. तिच्याकडे परत यायचे आहे.

आता इतिहास. नाक्यावर सामान उघडून बघणे ही काही आजची गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आहे, म्हणजे जकातीचा अधिकारी, आणि मुद्राध्यक्षही आहे, जो एक माषक घेऊन प्रवासाची मुद्रा देई. आजच्या भाषेत कस्टम्स आणि पासपोर्ट. आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना जकात नाकेही आठवत असतील. जकात गेली तरी मुलुंडच्या चेक नाक्याचे नाव अजून बसच्या पाटीवर आहे. नाक्यावर ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायची, आत काय माल आहे ते बघायचे. यात कुणाला आपल्या हक्कावर घाला आला असे वाटत नसे. फार तर वेळ जातो म्हणून चिडचिड. का बरं? कारण बघितला जात होता तो माल. कांद्याच्या गोणीला खासगी आयुष्य नसते.

अमेरिकेची कथा मात्र वेगळी आहे आणि ती फार मजेशीर आहे. त्या देशाच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती सांगते की नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही, आणि वॉरंट काढायचे तर सबळ कारण हवे, कुठे आणि काय शोधायचे ते त्यात लिहिलेले हवे. ही दुरुस्ती १७९१ साली लागू झाली. ती कुठून आली? कस्टम्सवरच्या रागातून! इंग्रजांच्या राज्यात बोस्टनच्या जकात अधिकाऱ्यांकडे एक सरसकट हुकूमनामा असे. कुठल्याही घरात, गोदामात शिरा, चोरटा माल शोधा. कुणाचे घर, कोणता माल, काही लिहायची गरज नाही. राजा मरण पावल्यावर सहा महिन्यांनी या हुकूमनाम्यांची मुदत संपे. १७६० मध्ये दुसरा जॉर्ज वारला, म्हणून ते नव्याने काढायची वेळ आली, आणि १७६१ मध्ये बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जेम्स ओटिस या वकिलाने न्यायालयात त्यांच्याविरुद्ध भाषण केले. खटला ते हरले. पण ऐकायला एक तरुण वकील बसला होता, जॉन अ‍ॅडम्स, पुढे तो त्या देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. स्वातंत्र्याचे मूल त्या दिवशी त्या न्यायालयात जन्माला आले, अशा अर्थाचे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

म्हणजे बघा, वॉरंटशिवायच्या झडतीला ज्या जागी पहिला विरोध झाला ती जागा जकातीचीच होती. आणि आज नेमक्या त्याच जागी ते संरक्षण सर्वांत पातळ आहे. हे झाले कसे?

त्याचे उत्तर १७८९ मध्ये आहे. पहिल्या काँग्रेसने जुलैअखेर जकातीचा कायदा केला. याच काँग्रेसने दोन महिन्यांनी हक्कांच्या दुरुस्त्या मंजूर करून राज्यांकडे पाठवल्या. त्या जकात कायद्यात घराच्या झडतीला वॉरंट लागे, पण जहाजाच्या झडतीला लागत नसे. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यातून असा अर्थ काढला की ज्यांनी हक्क लिहिले त्यांनाच सीमेवरची झडती चालत होती, तेव्हा ती मुळातच अवाजवी नाही. १९७७ सालच्या रॅम्सी खटल्यात हा सिद्धांत स्पष्ट मांडला आहे. सीमेवर झडती घेता येते, ती सीमेवर आहे एवढ्याच कारणाने.

इथे आम्ही दोन गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधणार आहोत. वकिलांच्या वादात त्या मागे पडतात असे आम्हाला वाटते. पहिली, त्या १७८९ च्या कायद्यात अधिकाऱ्याला जहाजावर चढायची मुभा होती ती संशयाला कारण असेल तर. मन मानेल तेव्हा नव्हे. दुसरी गोष्ट रॅम्सी खटल्याच्या पोटातच आहे. तो खटला टपालाचा होता. थायलंडहून आलेली काही जाडजूड पाकिटे कस्टम्सने उघडली आणि आत हेरॉइन सापडले. न्यायालयाने ते वैध ठरवले. पण ठरवताना हेही नोंदवले की नियमांप्रमाणे पाकिटातला पत्रव्यवहार वॉरंटशिवाय वाचायला मनाई आहे. पाकीट उघडणे वेगळे, पत्र वाचणे वेगळे. पुडी शोधण्यासाठी पाकिटात डोकवा, पण आईने मुलाला काय लिहिले आहे ते तुमच्या कामाचे नाही.

आता फोनचा विचार करा. फोन हे असे पाकीट आहे की ज्यात पुडी मावतच नाही. त्यात आहेत ती नुसती पत्रे. ते उघडणे म्हणजेच वाचणे. दोन क्रियांमधली जी फट होती, जिच्यात नागरिकाचे खासगीपण टिकून होते, ती फट या यंत्राने बुजवून टाकली. आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

२०१४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने रायली खटल्यात एकमताने सांगितले की अटक केलेल्या माणसाच्या खिशातला फोनसुद्धा पोलिसांनी वॉरंटशिवाय तपासू नये. अटक झाल्यावर खिसे तपासणे हा पोलिसांचा जुना अधिकार. सरकारी वकिलांचे म्हणणे होते, पाकीट तपासतो तसाच फोन. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले की हे म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची स्वारी एकच, असे म्हणण्यासारखे आहे. दोन्हींत माणूस इथून तिथे जातो, इतकेच काय ते साम्य. पण रायली खटला देशाच्या आतला होता. सीमेबद्दल त्यात काही ठरले नाही. आणि तेव्हापासून आजपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने सीमेवरच्या फोनचा प्रश्न हाती घेतलेला नाही.

मग खालची न्यायालये आपापल्या परीने चालली आहेत, आणि त्यातून जी गंमत झाली ती ऐका. गंमत म्हणजे ज्याचा फोन आहे त्याला ती गंमत वाटणार नाही. पश्चिम किनाऱ्याचे नववे अपील न्यायालय म्हणते, हाताने फोन चाळायला कारण लागत नाही, पण यंत्र लावून आतले सगळे उपसायचे असेल तर वाजवी संशय हवा. आणि २०१९ च्या कॅनो खटल्यात त्याने भर घातली की शोध घ्यायचा तो फोनमध्येच असलेल्या बेकायदा मजकुराचा, इतर गुन्ह्याच्या पुराव्याचा नव्हे. फ्लोरिडा-जॉर्जियाकडचे अकरावे न्यायालय म्हणते, कसलाच संशय लागत नाही, २०१८ चा टूसे खटला. बोस्टनकडच्या पहिल्या न्यायालयासमोर अकरा प्रवाशांचा खटला आला होता. त्यांतले दहा अमेरिकेचेच नागरिक, एक कायम रहिवासी. खालच्या न्यायाधीशांनी २०१९ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला, संशय हवाच म्हणाले. २०२१ मध्ये अपिलात तो उलटला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जे जिल्हा न्यायालय अधिकार चालवते, तिथल्या न्यायाधीशांनी २०२४ मध्ये चक्क सांगितले, वॉरंट लागेल. पण जिल्हा न्यायालयाचा निकाल इतरांना बांधत नाही. शिवाय त्या खटल्यातला पुरावासुद्धा बाद झाला नाही, कारण अधिकारी सद्भावनेने वागले असे ठरले.

म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्या आमच्या मित्रांचा मुलगा राहतो कुठे, अटलांटाला की सॅन फ्रान्सिस्कोला, यावर त्यांच्या फोनचा हक्क अवलंबून. एकच देश, एकच घटना, एकच फोन.

प्रत्यक्षात काय होते तेही थोडक्यात सांगतो. कस्टम्स आणि सीमा संरक्षण विभागाचे २०१८ चे एक परिपत्रक आहे. त्यात झडतीचे दोन प्रकार आहेत. साधी झडती, म्हणजे अधिकारी हाताने फोन चाळणार, त्याला कारण लागत नाही. आणि प्रगत झडती, म्हणजे दुसरे उपकरण जोडून मजकूर तपासणे किंवा त्याची प्रत काढणे. त्याला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेची चिंता, आणि वरिष्ठाची मंजुरी. फोनचे इंटरनेट बंद करूनच बघायचे असाही नियम आहे, म्हणजे फोनवर साठलेले तेवढेच बघायचे, दूरच्या सर्व्हरवरचे नाही. २०१५ च्या आर्थिक वर्षात अशा साडेआठ हजारांच्या आसपास झडत्या झाल्या होत्या, २०२४ मध्ये सत्तेचाळीस हजारांच्या वर. आकडा फुगला आहे. पण त्याच वर्षी सीमेवरून चाळीस कोटींहून जास्त वेळा लोक आत आले. तेव्हा दर दहा हजारांत एक. चिठ्ठीवाल्या मित्रांनी झोप उडवून घेऊ नये, एवढ्यासाठी हा हिशोब सांगितला.

मात्र "दहा हजारांत एकच" हा हक्काच्या प्रश्नाला दिलेला जवाब होऊ शकत नाही. तो एक कोण, हे कुणी आणि कशावरून ठरवले, हा खरा प्रश्न. कारण द्यावे लागत नसेल तर आडनाव, दाढी, पासपोर्टवरचे शिक्के, यांतले काहीही कारण होऊ शकते, आणि ते कुठेही लिहिले जात नाही.

आता आमच्या विषयाकडे येऊ. सीमेवर सरकारला हा अधिकार का असावा? समर्थने तीन दिली जातात.

पहिले सार्वभौमत्वाचे. घरात कुणाला घ्यायचे हे घरमालक ठरवतो, तसा देश. बरं, मान्य. पण पाहुण्याला दारातून परत पाठवणे वेगळे आणि त्याला आत घेण्याआधी त्याची डायरी वाचणे वेगळे. शिवाय ते अकरा जण? दहा जण तर घरचेच होते. स्वतःच्या नागरिकाला देश परत पाठवू शकत नाही. फोन उघडायला त्याने नकार दिला तरी आत घ्यावेच लागते. तासन्‌तास बसवून ठेवतील, फोन काही दिवस ठेवून घेतील, पण आत घेतील. परदेशी पाहुण्याला मात्र नकाराबद्दल परत पाठवता येते. हा फरक लक्षात ठेवा, तो तुमच्या-आमच्या उपयोगाचा आहे.

दुसरे समर्थन तस्करीचे. सीमेवर अडवले नाही तर माल देशात पसरेल. सोने, अमली पदार्थ, बंदुका, यांबाबत हे शंभर टक्के खरे. पण माहितीला सीमा कुठली? ज्या फोटोसाठी विमानतळावर फोन उघडायचा तो फोटो त्याच क्षणी तारेवरून, हवेतून, लाखो मार्गांनी देशात येऊ शकतो. नदीवर धरण नाही आणि पाणक्याच्या कावडीवर पहारा, असा हा प्रकार आहे.

तरीही इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे खटले वाचताना मन विटते. कॅनोची सुरुवात कोकेनपासून झाली होती. पण २०१३ च्या कॉटरमन खटल्यात लॅपटॉपमध्ये सापडले ते लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य, आणि टूसेमध्येही तेच. ही माणसे पकडली गेली याचा आम्हाला आनंदच आहे. हक्कांचा कायदा घडतो तो बहुधा अशाच माणसांच्या खटल्यांतून, कारण सज्जनाच्या फोनमध्ये काही सापडत नाही आणि तो न्यायालयात जात नाही. त्यामुळे न्यायाधीशासमोर दर वेळी उभा असतो तो दुर्जन, आणि ज्या हजारो लोकांचे फोन उगाच उघडले गेले ते दिसतच नाहीत. पण याच खटल्यांतली दुसरी बाजूही बघा. कॉटरमनवर आधीचा गुन्हा होता, त्याची नोंद यंत्रणेत होती. टूसेच्या खटल्यात संशयाला आधार होता असे न्यायालयानेच म्हटले. म्हणजे संशयाची अट घातली असती तरी हे दोघे सुटले नसते. मग अट घालायला हरकत काय? याचे समाधानकारक उत्तर आम्हाला कुठल्याही निकालपत्रात सापडले नाही.

तिसरे समर्थन संमतीचे. तुम्ही स्वखुशीने प्रवास करता, झडती होणार हे ठाऊक असते, म्हणजे तुमची संमती आहे. आता बघा, नातू झाला म्हणून निघालेली आजी. वडिलांच्या अंत्यविधीला निघालेला मुलगा. यांची संमती? आम्ही पिन सांगितला ती संमती होती का? आम्ही वर्गात मुलांना शिकवत असू की नाही म्हणण्याची खरी शक्यता असेल तरच हो म्हणण्याला अर्थ. त्या दिवशी आम्हाला विमान गाठायचे होते.

आणि समजा आम्ही मनापासून संमती दिली असती, तरी ती कुणाच्या वतीने? हा प्रश्न आम्हाला सर्वांत कठीण वाटतो. जेम्स रेचल्स नावाच्या तत्त्ववेत्त्याने १९७५ मध्ये एक निबंध लिहिला, खासगीपण महत्त्वाचे का, या विषयावर. त्याचे म्हणणे असे की खासगीपण म्हणजे लपवाछपवी नव्हे. आपण बायकोशी एक बोलतो, डॉक्टरशी दुसरे, शेजाऱ्याशी तिसरे. कुणाला काय सांगायचे हे आपल्या हातात असते, म्हणूनच ही नाती वेगवेगळी राहू शकतात. सगळ्यांना सगळे कळू लागले तर मैत्री आणि ओळख यांत फरकच उरणार नाही. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात ज्युडिथ थॉमसन यांनी उलट मांडणी केली होती की खासगीपणाचा म्हणून वेगळा हक्कच नाही. मालमत्तेचा, शरीराचा, असे इतर हक्क आहेत, त्यांची ती एक मोळी आहे. थॉमसनबाई फार तल्लख, त्यांच्या युक्तिवादात खोट काढणे सोपे नाही. पण आमच्या फोनच्या बाबतीत त्यांचे उत्तर अपुरे पडते. फोन आमचा, मालमत्ता आमची, पिनही आम्हीच दिला. मोळीतली एकही काडी मोडली नाही. आणि तरी कुणावर तरी अन्याय झाला. आमच्यावर नाही. त्या मुलावर.

आम्ही परतल्यावर त्याला फोन केला आणि घडले ते सांगितले. सांगावे की नाही यावर दोन दिवस घरात चर्चा चालली होती. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, रिपोर्ट पण बघितला का हो त्यांनी?" आम्हाला ठाऊक नव्हते. आजही नाही. खोलीत फोनचे काय केले, काही उतरवून घेतले का, आणि घेतले असेल तर ते कुठे पडून आहे, हे कळायचा काही मार्गच नव्हता.

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो, पुष्कळदा आपणच म्हणतो. आमच्यापाशी लपवण्यासारखे खरोखरच काही नव्हते. पण सांभाळण्यासारखे होते. कुणीतरी विश्वासाने हातात ठेवलेले. हेलन निसेनबॉम या अलीकडच्या अभ्यासक म्हणतात की माहितीला संदर्भ असतो. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरच्या खोलीत योग्य, तीच मालकाच्या टेबलावर गेली तर अन्याय, मग भले शब्दही बदललेला नसो. विद्यार्थ्याने शिक्षकाला सांगितलेली गोष्ट जकातीच्या खोलीत गेली, ती अशी.

आपल्या भाषेत 'खासगी' हा शब्द आहे, त्याबद्दल थोडे विषयांतर करू का? होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशोब असत. दौलत राज्याची, खासगी राणीची. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळे बांधली, ती खासगीच्या पैशातून असे मानले जाते. म्हणजे खासगी ही लपवायची गोष्ट नव्हती, उलट तिचे दगडी पुरावे काशीपासून सगळीकडे उभे आहेत. खासगी म्हणजे जिथे दौलतीचा कारकून हिशोब विचारायला येत नाही ती जागा. इंग्रजीतल्या शब्दासाठी आपण 'गोपनीयता' वापरतो, आणि मग गोपन, गुप्त, गुपित असा संशयाचा वास आपोआप चिकटतो. आम्ही म्हणून 'खासगीपण' म्हणतो. असो.

आता आपल्या देशाकडे. कुणी म्हणेल, अमेरिकेचे राहू द्या, इथे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांतले उलट मत त्यांनी दूर केले. हक्कात ढवळाढवळ करायची तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. प्रमाणात हा शब्द महत्त्वाचा. डास मारायला तोफ नको.

आमचा कस्टम्सचा कायदा १९६२ चा. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याची बिस्किटे आणि घड्याळे होती. पण त्या कायद्यातले १०२ वे कलम आम्हाला फार आवडते. ज्याच्या अंगाची झडती घ्यायची आहे तो म्हणू शकतो, मला आधी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या. त्या अधिकाऱ्याला झडतीचे वाजवी कारण दिसले नाही तर त्याने माणसाला सोडून द्यायचे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. साठ वर्षांपूर्वीच्या लोकांना एवढे कळत होते की खिशापाशी पोहोचण्याआधी मध्ये तिसरा माणूस उभा असावा. आज आपल्या खिशापेक्षा जास्त आपण फोनमध्ये आहोत. मग तिथे तो तिसरा माणूस का नको? उलट दिशेने चाललेली पावले दिसतात. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात झडतीच्या वेळी 'आभासी डिजिटल जागे'चा पासवर्ड ओलांडून आत शिरायचा अधिकार दिला आहे. तो सीमेवरचा विषय नाही, पण मनोवृत्ती तीच.

आम्हाला विचाराल तर आमचे मत असे. फोन हाताने चाळायचा असेल तरी अधिकाऱ्याने आधी कारण लिहावे, एक ओळ का होईना, आणि प्रवाशाला त्याची प्रत द्यावी. प्रत काढायची असेल तर न्यायाधीशाची परवानगी. विमानतळावरून न्यायाधीशाशी संपर्क साधायला आता काही मिनिटे पुरतात; ज्या यंत्राने हा प्रश्न निर्माण केला त्याच यंत्राने ही सोय केली आहे. तुमच्यापैकी माजी पोलीस अधिकारी पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांनी मान हलवली ती नकारार्थी आहे हे आम्ही पाहिले. प्रश्नोत्तरांत त्यांचे ऐकू. त्यांच्या अनुभवाला आमच्यापेक्षा वजन आहे, आणि संशय हा पुष्कळदा कागदावर लिहिता येत नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे.

राहता राहिली चिठ्ठी. मित्रांनो, तुम्ही आणि वहिनी जाताना जुना फोन न्या, लागेल तेवढेच त्यात ठेवा. बँकेचे, डॉक्टरांचे, सोसायटीच्या भांडणाचे सगळे बरोबर नेण्याची गरज नाही. उतरण्यापूर्वी फोन पूर्ण बंद करा. अधिकाऱ्याशी खोटे बोलू नका, तिथे तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि घाईघाईने विमानात बसून काही पुसत बसू नका, त्याने उलट संशय वाढतो. तुम्ही पाहुणे आहात; फोन दाखवायला नकार दिलात तर परत पाठवू शकतात, तेव्हा नकार द्यायचा की नाही हे मुंबईतच, चहा पिताना ठरवा. रांगेत उभे राहून ठरवता येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. फोन ठेवून घेतला तर पावती मागा. नात किंवा पुतण्या शिकायला जात असेल तर त्यांना सांगा की २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते. म्हणजे त्यांची झडती विमानात बसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आणि जाण्यापूर्वी एकदा फोन उघडून बघा, त्यात इतरांचे काय काय आहे. बहिणीचे, मित्रांचे. आम्ही आता प्रवासाला निघण्याआधी ते दुसरीकडे उतरवून ठेवतो. आमचा तो विद्यार्थी आता बरा आहे. मध्यंतरी भेटायला आला होता. अजून लिहितो तो आम्हाला, पण अलीकडे पोस्टकार्ड पाठवतो. म्हणतो, "सर, हे तर पोस्टमनही वाचतो, म्हणून यात हवापाण्याचंच लिहितो. बाकीचं भेटल्यावर."

पहिल्या रांगेतून हात वर झाला आहे. माइक त्यांच्याकडे द्या.